मराठी मीडियमची पोरं, इंग्रजी ग्रामर आणि युनोचे ठराव

सांजवर्ग:
नागपूरच्या नंदनवनला एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. पोरंपोरी बहुतेक मराठी मीडियमची, काही उमरेड-भिवापूरकडून येऊन रूम करून राहणारी, एमपीएससी, यूपीएससी, बँक, जी जाहिरात निघेल तिची तयारी करणारी. यांना ग्रामर येत नाही असं सरसकट म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. टेन्सचे बारा प्रकार, पॅसिव्हचे फॉर्म्युले, 'नो सूनर' आलं की पुढे 'दॅन', सगळं तोंडपाठ असतं. पण एक परिच्छेद स्वतःच्या मनाने लिहायला दिला की 'द' कुठे घालायचा आणि कुठे नाही इथेच गाडी अडते. अडणारच, कारण आपल्या भाषेत ती भानगडच नाही. 'पुस्तक आण' म्हटलं की कोणतं ते समोरच्याला कळतं, नाही कळलं तर तो विचारतो. आणि वहीतलं वाक्य असतं 'राम ईट्स अ मँगो', तिथे 'अ' च्या जागी 'द' लिहिला तर बिघडलं काय? रामाचं काही बिघडत नाही आणि आंब्याचंही नाही, म्हणून तो नियम डोक्यात राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ग्रामर शिकायला असा मजकूर घ्यावा जिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर खरोखर काहीतरी बिघडतं. असा मजकूर आंतरराष्ट्रीय संघटनांकडे ढिगाने आहे, नेटवर फुकट आहे, आणि आपली पोरं जीएससाठी (सामान्य अध्ययन) या संघटना तशाही वाचतातच.

पहिलं उदाहरण 'द' चंच घेते. सुरक्षा परिषदेचा ठराव २४२, २२ नोव्हेंबर १९६७, अरब-इस्रायल सहा दिवसांच्या युद्धानंतरचा, ब्रिटनचे लॉर्ड कॅरेडन यांनी मांडलेला, एकमताने मंजूर झालेला. त्यात ओळ आहे: 'विथड्रॉवल ऑफ इस्रायल आर्म्ड फोर्सेस फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड इन द रिसेंट कॉन्फ्लिक्ट'. नीट बघा, 'कॉन्फ्लिक्ट' च्या आधी 'द' आहे, 'टेरिटरीज' च्या आधी नाही. या एका नसलेल्या 'द' वर पन्नास वर्षांच्या वर वाद चालू आहे. एक बाजू म्हणते 'द' नाही म्हणजे सगळ्याच प्रदेशातून माघार घ्या असं म्हटलेलंच नाही. दुसरी बाजू म्हणते फ्रेंच मसुदा बघा, तिथे 'दे तेरितुआर' आहे म्हणजे ते ठरावीक प्रदेश, आणि त्याच ठरावात वर लिहिलंय की युद्धाने जमीन मिळवणं मान्य नाही. कोण बरोबर यावर इथे भांडू नका प्लीज, धागा ग्रामरचा आहे. मुद्दा हा की मी हे फळ्यावर लिहिलं आणि विचारलं की इथे 'द' घातला तर काय बदलेल, तेव्हा एरवी मान खाली घालून बसणारी पोरंसुद्धा बोलायला लागली. डेफिनिट आर्टिकल म्हणजे 'कोणतं ते दोघांनाही ठाऊक आहे' असं एकाने आपणहून सांगितलं, मला व्याख्या द्यावीच लागली नाही.

तोच ठराव पुढे वाक्यरचनेसाठी वापरता येतो. पानभराचा आहे, प्रिंट काढून प्रत्येकाला एक द्यायचा. आणि सांगायचं की यात पूर्णविराम शोधा. अगदी शेवटचा सोडला तर सापडत नाही कारण युनोचा ठराव हा बहुतेक वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य असतो. 'द सिक्युरिटी कौन्सिल' हा कर्ता सगळ्यात वर, त्यानंतर स्वल्पविराम, मग 'एक्स्प्रेसिंग', 'एम्फसायझिंग', पुन्हा 'एम्फसायझिंग', हे सगळे प्रेझेंट पार्टिसिपल, म्हणजे 'चिंता व्यक्त करत', 'भर देत' असे, आणि मग आकडे टाकून खरी क्रियापदं येतात, 'अफर्म्स', 'अफर्म्स फर्दर', 'रिक्वेस्ट्स'. त्या 'रिक्वेस्ट्स' चा एस तिथे का आहे? कारण कर्ता पानाच्या वरच्या टोकाला एकवचनी बसलाय. सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंटचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पोरांनी पेन्सिलने वरच्या कर्त्यापासून खालच्या प्रत्येक क्रियापदापर्यंत रेघा ओढल्या, पान रेघांनी भरलं, पण तो थर्ड पर्सनचा एस जो शाळेपासून गळत होता तो त्या दिवसानंतर बऱ्याच जणांचा गळायचा थांबला.

तुमच्यापैकी कोणी असं काही केलंय का? तुम्ही कोणता मजकूर वापरता, आणि काय चाललं काय नाही तेही लिहा.

कोराडी_रोड:
ताई विचार चांगला आहे पण खरं सांगतो, आपल्या पोरांचा प्रॉब्लेम वाचायचा नाही बोलायचा आहे. इंटरव्ह्यूत तोंड उघडत नाही. सुरक्षा परिषदेचा ठराव वाचून कोणी बोलायला लागणार आहे का?

सांजवर्ग:
कोराडी_रोड, नाही लागणार, आणि तसा दावाही नाही. बोलायला रोज बोलावंच लागतं, त्याला दुसरा उपाय नाही. पण लिहायची गरज कमी समजू नका. यूपीएससी मेन्सला इंग्रजीचा पेपर ३०० मार्कांचा आहे, त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर कितीही भारी लिहिलेले असोत, ते तपासून उपयोग नाही. निबंध, प्रेसी म्हणजे सारांश, उतारा. तिथे वाक्य उभं राहता आलं पाहिजे.

गोंडखैरीकर:
कोराडीचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे वडील वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत होते, घरात कोळशाशिवाय दुसरा विषय नसायचा. २०२१ ला ग्लासगोला सीओपी२६ ही युनोची हवामान परिषद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी कोळशावर जे झालं ते मी माझ्या भाच्याला फ्रेझल व्हर्ब शिकवायला वापरतो. मसुद्यात होतं कोल पॉवरचं 'फेज आउट', भारताने शेवटच्या क्षणी बदल मागितला, चीनचाही आग्रह होता, आणि मंजूर झालं 'फेज डाउन'. क्रियापद तेच, 'फेज', पुढचा एवढासा शब्द बदलला. 'आउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने बंदच, 'डाउन' म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या ज्याच्या गच्चीवरून दिसतात त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. भाच्याला 'पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ' असं शंभराच्या यादीतून पाठ करायला लावलं होतं क्लासवाल्यांनी. आता तो पेपरात कुठेही फ्रेझल व्हर्ब दिसला की मला पाठवतो आणि विचारतो, मामा इथे ऑफच्या जागी आउट टाकलं तर काय होईल.

सांजवर्ग:
हे फार सुंदर आहे, मी उद्याच वापरते. याच्याच जोडीला हवामान बदलावरचा पॅरिस करार घ्या, १२ डिसेंबर २०१५. शेवटच्या मसुद्यात कलम ४ मध्ये विकसित देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घेत राहावा असं होतं आणि तिथे 'शॅल' पडला होता. अमेरिकेने हरकत घेतली, कारण 'शॅल' म्हणजे बंधन, मग सेनेटची मंजुरी वगैरे सगळं आलं. मंजुरीच्या अगदी तोंडावर तांत्रिक दुरुस्ती म्हणून तो 'शुड' केला गेला. आपल्याला शाळेत काय शिकवतात? 'आय' आणि 'वी' ला 'शॅल', बाकी सगळ्यांना 'विल'. झालं, संपला धडा. मग पोरगं युनोची सनद उघडतं, तिथे 'ऑल मेंबर्स शॅल रिफ्रेन', आणि ते म्हणतं मॅडम हे तर चुकलंय. चुकलेलं नाही, थर्ड पर्सनला मुद्दाम लावलेला 'शॅल' म्हणजे आज्ञा, बंधन. 'मस्ट', 'शॅल', 'शुड', 'मे' या चारही शब्दांच्या मागे कोणाची तरी जबाबदारी किती ते लिहिलेलं असतं. मोडल ऑक्झिलरीचा धडा तिथून सुरू व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

फुटाळा_सायंकाळ:
मी एन्व्हायर्नमेंट सायन्सची आहे. मोडलवरून आठवलं, आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या युनोच्या शास्त्रीय समितीच्या अहवालात 'लाइकली' शब्दाला चक्क टक्केवारी नेमून दिलेली आहे. 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १००. आपण 'प्रॉबेबली' 'मेबी' 'लाइकली' सगळं एकाच हिशोबात वापरतो, तिथे तसं चालत नाही. आणि २०२१ च्या अहवालातलं ते वाक्य, की माणसाच्या प्रभावाने वातावरण, समुद्र आणि जमीन 'हॅज वॉर्म्ड', प्रेझेंट परफेक्ट. तापवलं आणि ते तापलेलं आत्ताही आहे. साधा पास्ट घातला असता तर झालं गेलं असा वास आला असता. मला कॉलेजात प्रेझेंट परफेक्ट कधीच कळला नव्हता, या वाक्यावर कळला.

बर्डीवाला_भाऊ:
बाप्पा, टेन्सचं म्हणता तर माझं ऐका. आपल्या नागपूरकडच्या पोराले प्रेझेंट कंटिन्युअस शिकवाची गरजच नाही. 'मी जेवून राहिलो', 'तो काय करून राहिला बे', हे काय आहे मग? 'आय ॲम ईटिंग' चा 'ॲम' म्हणजे आपला 'राहिलो'. पण शाळेत पोरगं असं बोललं की मास्तर म्हणते अशुद्ध बोलू नको, 'जेवतो आहे' म्हण. अरे त्याच्या तोंडात जे तयार आहे ते वापरा ना. मी माझ्या दुकानातल्या पोराले असंच शिकवलं, 'राहिलो' आलं की 'आयएनजी' लाव. जमते त्याले आता. युनोचं मले काही माहीत नाही पण वाचून राहिलो, चांगलं चालू आहे.

सांजवर्ग:
भाऊ, ही युक्ती मी वर्गात सांगणार. फक्त एक अडचण येते, 'मी नंदनवनले राहून राहिलो' असं आपण म्हणत नाही पण पोरं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' मात्र लिहितात. म्हणजे कुठे लावायचा नाही तेही सोबत सांगावं लागतं.

प्रेझेंट परफेक्टला आणखी एक वाक्य जोडते. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य सभेने देवी रोग संपल्याचं जाहीर केलं, त्या ठरावात आहे की जगाने आणि जगातल्या सगळ्या लोकांनी देवीपासून मुक्ती 'हॅव वन'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण १९७७ चा, सोमालियातला. आता पोरांना विचारा, १९७७ बद्दल लिहायचं तर कोणता टेन्स? 'वॉज'. आणि देवी आज नाही हे सांगायचं तर? 'हॅज बीन इरॅडिकेटेड'. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहायला लावा. वर्षाचा आकडा आला की परफेक्ट बाजूला ठेवायचा हे नियम न सांगता कळतं. हेच पोलिओवर करता येतं, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११, प्रमाणपत्र मार्च २०१४.

मेन्स_२०२६:
मॅडम मी स्टुडंट आहे, एक डाउट. 'अ युनिसेफ रिपोर्ट' की 'ॲन युनिसेफ रिपोर्ट'? यू तर व्हॉवेल आहे ना. टेस्ट सिरीजमध्ये 'ॲन' लिहिलं तर मार्क कापले.

सांजवर्ग:
'अ युनिसेफ रिपोर्ट'. अक्षर बघायचं नाही, कानाला काय ऐकू येतं ते बघायचं. 'यु' चा उच्चार 'य' ने सुरू होतो म्हणून 'अ'. तसंच 'अ यूएन एजन्सी'. पण 'ॲन आयएलओ कन्व्हेन्शन', 'ॲन आयएमएफ लोन'. आणि गंमत 'एफएओ' ची, एफ काही स्वर नाही पण आपण म्हणतो 'एफ', सुरुवात 'ए' ने, म्हणून 'ॲन एफएओ रिपोर्ट'. डब्ल्यूएचओ ला मात्र 'अ', कारण 'ड' ने सुरुवात. संघटनांची आद्याक्षरं म्हणजे या नियमाचा आयता सराव आहे, दहा नावं मोठ्याने म्हणा, आयुष्यात परत चुकणार नाही.

मेन्स_२०२६:
क्लिअर झालं मॅडम. मग 'द युनिसेफ' का नाही म्हणत पण 'द यूएन' म्हणतात?

गोंडखैरीकर:
जे एक शब्द म्हणून बोलतो त्याला 'द' नाही, युनिसेफ, युनेस्को. जे एकेक अक्षर सुटं बोलतो त्याला 'द', द यूएन, द आयएमएफ, द डब्ल्यूटीओ. साधारण असं धरून चाला. डब्ल्यूएचओवाले स्वतःच्या कागदात मात्र 'द' न लावता लिहितात त्यामुळे तिथे दोन्ही दिसेल, घाबरू नको.

शासकीय_मुद्रण:
मी बरीच वर्षं भाषांतराचं काम केलंय म्हणून स्पष्ट लिहितो. युनोचं इंग्रजी हे आदर्श इंग्रजी म्हणून मुलांपुढे ठेवणं मला धोक्याचं वाटतं. साधं 'हेल्प' म्हणायचं तिथे 'प्रोव्हाइड असिस्टन्स', 'बिकॉज' च्या जागी 'ऑन द बेसिस ऑफ', नामांची माळ, पॅसिव्ह इतका की कोणी काय केलं तेच कळत नाही. चार वर्षं असं वाचलेला मुलगा अर्ज लिहील तर तो अर्ज कोण वाचेल? सरकारी मराठीने आपल्या मराठीचं काय केलं ते आपण बघतोच आहोत.

सांजवर्ग:
दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो वर्गातही सांगते. पण म्हणूनच सगळा ढीग घ्यायचा नाही, निवडून घ्यायचं. युनोत जे खूप चर्चेतून, खूप लोकांनी एकेक शब्दावर भांडून ठरलेलं आहे ते घ्यायचं, कार्यालयीन अहवाल बाजूला ठेवायचे. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा वाचून बघा, १० डिसेंबर १९४८, पॅरिसला मंजूर झाला, ३० कलमं. 'एव्हरीवन हॅज द राइट टू', 'नो वन शॅल बी हेल्ड इन स्लेव्हरी', वाक्यं इतकी छोटी की आठवीतल्या पोराला कळावीत. आणि पहिल्याच कलमात भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांचा हात आहे. मूळ मसुद्यात 'ऑल मेन' होतं, त्यांनी आग्रह धरला की 'ऑल ह्युमन बीइंग्ज' करा, आणि तसंच झालं: 'ऑल ह्युमन बीइंग्ज आर बॉर्न फ्री अँड इक्वल'. 'मेन' मध्ये बाया धरायच्या की नाही हा तेव्हा ग्रामरच्या पुस्तकातला प्रश्न नव्हता, काही देशांत तो शब्द कायद्याने बाईला वगळायला वापरला जाऊ शकला असता. माझ्या वर्गात अर्ध्या मुली आहेत. हे सांगितल्यावर त्यांच्यासाठी ते वाक्य परक्या भाषेतलं राहत नाही.

शिवाय याचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. एक कलम आधी मराठीत वाचायचं, स्वतः इंग्रजी करायचं, मग मूळ काढून शेजारी ठेवायचं. 'एव्हरीवन' ला 'हॅव' लावणारे सगळे पहिल्या पाच कलमांत सुधारतात.

शासकीय_मुद्रण:
जाहीरनाम्याबद्दल मान्य. ते गद्य खरंच स्वच्छ आहे. मग युनेस्कोच्या घटनेचं पहिलं वाक्यही घ्या, १९४५ चं: युद्धं माणसांच्या मनात सुरू होतात म्हणून शांततेचे तट मनातच उभारले पाहिजेत. इंग्रजीत 'इट इज इन द माइंड्स ऑफ मेन दॅट' अशी रचना आहे. आपण मराठीत नुसता 'च' जोडतो आणि काम होतं, 'मनातच'. इंग्रजीकडे 'च' नाही, त्यांना त्यासाठी अख्खं वाक्य फिरवावं लागतं. मुलं 'ओन्ली' टाकून मोकळी होतात, 'इन द माइंड ओन्ली'. तिथे ही रचना दाखवा. 'मस्ट बी कन्स्ट्रक्टेड' हा पॅसिव्हही तिथे शोभतो कारण उभारणारे आपण सगळेच आहोत, एकाचं नाव घ्यायचं कारण नाही.

सांजवर्ग:
'च' चं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वर्गात येऊन एक तास घ्याल का? मनापासून विचारतेय.

शासकीय_मुद्रण:
आनंदाने. रविवार सोडून कधीही.

फुटाळा_सायंकाळ:
स्पेलिंगचंही सांगा कोणीतरी. 'ऑर्गनायझेशन' झेडने की एसने? माझ्या गाइडने माझ्या थीसिसमध्ये सगळे झेड खोडले, म्हणाले हे अमेरिकन आहे.

शासकीय_मुद्रण:
अमेरिकन नाही. युनो ऑक्सफर्डची पद्धत पाळते, त्यात 'आयझेडई' पण बाकी सगळं ब्रिटिश. आयएलओचं पूर्ण नाव लिहून बघा, 'लेबर' मध्ये यू आहे आणि 'ऑर्गनायझेशन' मध्ये झेड, दोन्ही एकाच पाटीवर. वर्ल्ड फूड 'प्रोग्रॅम' ला शेवटी एमएमई. उलट ओईसीडी वाले 'ऑर्गनायझेशन' एसने लिहितात. संघटनेचं नाव ती जसं लिहिते तसंच ठेवायचं, बाकी मजकुरात एकच पद्धत शेवटपर्यंत पाळायची.

मेन्स_२०२६:
मॅडम सुरुवात कशाने करू? परीक्षा तोंडावर आहे, एवढं सगळं होणार नाही.

सांजवर्ग:
एवढं सगळं करूच नको. जाहीरनाम्याचं रोज एक कलम, वर सांगितलं तसं मराठीतून इंग्रजी आणि मग मूळ. त्यासोबत डब्ल्यूएचओची फॅक्ट शीट, हिवताप, क्षयरोग, सर्पदंश, ज्या विषयाची तुला गावाकडची माहिती आहे तो घे. वाक्यं साधी असतात आणि विषय माहीत असला की डोकं फक्त भाषेवर चालतं. ठराव शेवटी. तो वाचण्यापेक्षा एक लिहून बघ, नागपूरच्या कुठल्याही प्रश्नावर, त्याच साच्यात.

मेन्स_२०२६:
मी आणि रूमपार्टनरने नाग नदीवर लिहिला. इथे टाकतो, चुका सांगा.

'द स्टुडंट्स असेंब्ली ऑफ नंदनवन, रिकॉलिंग दॅट द सिटी टेक्स इट्स नेम फ्रॉम द नाग रिव्हर, डीपली कन्सर्न्ड दॅट सूएज इज फ्लोइंग इनटू द रिव्हर, १. डिक्लेअर्स दॅट अ रिव्हर इज नॉट अ ड्रेन, २. रिक्वेस्ट द म्युनिसिपल कॉर्पोरेशन टू ट्रीट ऑल सूएज बिफोर इट रीचेस द रिव्हर, ३. डिसाइड्स टू रिमेन सीझ्ड ऑफ द मॅटर.'

सांजवर्ग:
फार छान! 'डीपली कन्सर्न्ड' पास्ट पार्टिसिपल आहे आणि तो तिथे बरोबर बसलाय, कोणी शिकवला नव्हता. 'रिमेन सीझ्ड ऑफ द मॅटर', म्हणजे विषय आपल्यापुढे चालू ठेवणे, हे खऱ्या ठरावातून उचललंस ते दिसतंय, ते जास्त करून सुरक्षा परिषदेच्या ठरावात असतं, पण राहू दे. दुरुस्त्या दोन. 'स्टुडंट्स' ला ॲपॉस्ट्रॉफी हवी, एसच्या नंतर, कारण सभा अनेक विद्यार्थ्यांची आहे. आणि दुसऱ्या कलमात 'रिक्वेस्ट' चा एस राहिला, कर्ता वर 'असेंब्ली' आहे, एकवचन. हो, आणि १ आणि २ च्या शेवटी स्वल्पविराम नाही, सेमीकोलन. तेवढं करून परत टाक, बुधवारी वर्गात हाच फळ्यावर घेऊ.